मोठ्या ब्रेकचं खरं काम

स्पोर्ट्स कारच्या चाकातून डोकावणारा लाल किंवा पिवळा कॅलिपर हा आता यंत्राचा भाग कमी आणि दागिना जास्त झाला आहे. गाडी घेतली, इंजिनाची ताकद थोडी वाढवून घेतली, की पुढचा खर्च ठरलेलाच असतो: मोठ्या डिस्क, चार किंवा सहा पिस्टनचे कॅलिपर आणि ते मावावेत म्हणून मोठी चाकं. बाजारात याला ‘बिग ब्रेक किट’ म्हणतात. नामांकित कंपनीचं किट लाखांत जातं, आणि विकताना आश्वासन बहुधा एकच दिलं जातं: गाडी आता कमी अंतरात थांबेल. रस्त्यावरच्या गाडीबाबत हे आश्वासन सहसा पाळलं जात नाही. यात किटचा दोष नसतो. मोठा ब्रेक ज्या कामासाठी जन्माला आला ते काम वेगळं आहे, आणि रस्त्यावर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांना त्या कामाची गरजच पडत नाही. ज्यांना पडते त्यांनीही डिस्कचा व्यास हा पहिला नव्हे, शेवटचा उपाय समजावा.

मुळात ब्रेक करतो काय, हे एकदा आकड्यांत पाहायला हवं. १५०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने धावते तेव्हा तिच्यात सुमारे ५ लाख ८० हजार जूल इतकी गतिज ऊर्जा साठलेली असते. गाडी थांबली म्हणजे ही ऊर्जा नाहीशी झाली असं होत नाही. पॅड डिस्कवर घासतात आणि जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णता होऊन डिस्कमध्ये उतरते. तेवढ्या उष्णतेत पावणेदोन लिटर पाणी घरातल्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल, आणि हे सारं तीन-चार सेकंदांत घडतं. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट. ताशी २०० वरून थांबायचं तर तीच गाडी २३ लाख जूल ओतते. पुढच्या प्रत्येक डिस्कच्या वाट्याला यातला साधारण ३५ टक्के हिस्सा येतो. डिस्क बिडाची आणि दहा किलोची धरली, तर १०० वरून एकदा थांबताना तिचं तापमान फक्त ४४-४५ अंशांनी वाढतं. २०० वरून थांबताना पावणेदोनशे अंशांनी. यातला पहिला आकडा लक्षात ठेवावा. कारखान्यातून आलेल्या साध्या डिस्कला हमरस्त्यावर एकदा करकचून मारलेला ब्रेक म्हणजे काहीच नाही.

मग त्या एका ब्रेकमध्ये गाडी किती अंतरात थांबेल हे कोण ठरवतं? टायर. ब्रेक चाकाला अडवतो, पण गाडीला अडवणारा जोर शेवटी टायर आणि डांबर यांच्या मधूनच यावा लागतो. ब्रेक एवढा जोराचा लागला की टायरची पकड संपली, तर चाक जाम होतं किंवा एबीएस दाब सोडून पुन्हा पकडू लागतं. त्यापुढे ब्रेकची ताकद दुप्पट करा की चौपट, अंतरात काही फरक पडत नाही. पकडीचा गुणांक १ धरला तर १०० च्या वेगावरून थांबायला ३९ मीटर लागतात, गुणांक ०.८ वर आला की ४९. हा दहा मीटरांचा फरक, म्हणजे दोन गाड्यांच्या लांबीपेक्षा जास्त, पूर्णपणे रबराचा आहे. आजची कुठलीही धड गाडी घ्या, कोरड्या रस्त्यावर पॅडल जोरात दाबलं की एबीएसची थरथर पायाला लागते. ही थरथर म्हणजे ब्रेककडे टायरच्या पकडीपेक्षा जास्त ताकद आधीच आहे याची पावती. अशा गाडीला आणखी ताकदीचा ब्रेक लावून थांबण्याचं अंतर घटवायला निघणं म्हणजे नको त्या ठिकाणी पैसे घालणं. आणखी एक गैरसमज पॅडच्या आकाराचा. पॅड मोठा म्हणजे घर्षण जास्त, असं वाटणं साहजिक आहे; पण घर्षणाचा जोर दाबावर आणि पॅडच्या मसाल्यावर ठरतो, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर जवळजवळ नाही. मोठा पॅड हळू झिजतो आणि उष्णता मोठ्या पृष्ठभागावर पसरवतो. तोही शेवटी उष्णतेचाच इलाज आहे.

एका ब्रेकची गोष्ट इथे संपते आणि पन्नास ब्रेकची सुरू होते. शर्यतीच्या ट्रॅकवर, उदाहरणार्थ ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर, एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता आहे. चांगली स्पोर्ट्स कार तिथे २०० चा आकडा सहज ओलांडते आणि मग वळणासाठी तिला एकदम खाली यावं लागतं. आपल्याच उदाहरणातली गाडी २०० वरून ८० वर आणली तर पुढची प्रत्येक डिस्क जवळजवळ दीडशे अंशांनी तापते. पुढच्या वळणापर्यंत त्यातली काही उष्णता वाऱ्यावर जाते, सगळी जात नाही. तोवर पुन्हा ब्रेक. फेरीमागून फेरी तापमान चढत जातं आणि डिस्क पाचशे-सहाशे अंशांवर, अंधारात मंद लाल दिसेल इतकी, पोचते. जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगच्या जुन्या वळणावळणाच्या ट्रॅकवर कोणीही पैसे भरून स्वतःची गाडी घेऊन जाऊ शकतो. एकच फेरी जवळजवळ २१ किलोमीटरची, तीही सतत चढउताराची. रस्त्यावर वर्षानुवर्षं कधी कुरकुर न केलेले ब्रेक तिथे एका फेरीत हात टेकू शकतात. तिथे अडचण गाडी एकदा थांबवण्याची नसते. ती पुन्हा, आणि पुन्हा, तितक्याच खात्रीने थांबवण्याची असते.

मोटारींच्या इतिहासाने हा धडा १९५३ साली ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत दिला. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची जॅग्वार सी-टाइप पहिली आली, तिच्याच जोडीदार गाड्या दुसऱ्या आणि चौथ्या. या गाड्यांना डनलॉपच्या डिस्क होत्या. प्रतिस्पर्धी ड्रम ब्रेकवर धावत होते. नवा कोरा थंड ड्रमही चाक जाम करू शकत होता, तेव्हा एका ब्रेकपुरतं पाहिलं तर तो काही कमजोर नव्हता. पण ड्रम तापला की फुगून लायनरपासून दूर सरकतो, पॅडल खोल जातं, आणि आतली उष्णता डब्यात कोंडून राहते. डिस्क उघडी असते, वाऱ्याने निवते, आणि तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते. सहा किलोमीटरच्या सरळ रस्त्याच्या टोकाला जॅग्वारचे चालक इतरांच्या नंतर ब्रेक मारत, आणि विसाव्या तासालाही तसंच करू शकत. त्या शर्यतीत पहिल्यांदा विजेत्याचा सरासरी वेग ताशी १०० मैलांच्या, म्हणजे १६१ किलोमीटरच्या, पुढे गेला. दोन वर्षांनी मर्सिडीजने आपल्या ड्रमवाल्या ३०० एसएलआरच्या पाठीवर वाऱ्याला आडवा उभा राहणारा भलामोठा पत्रा बसवला. सरळ रस्त्याच्या शेवटी चालक तो उचले आणि बरीचशी ऊर्जा ड्रममध्ये जाण्याआधीच हवेत उधळली जाई. ब्रेकची खरी लढाई उष्णतेशी आहे हे मर्सिडीजच्या अभियंत्यांना पक्कं कळलं होतं. त्यांचा उपाय तेवढा विचित्र होता.

उष्णता ब्रेकला दोन वेगवेगळ्या वाटांनी मारते, आणि कुठल्या वाटेने मारलं हे चालकाच्या पायाला कळतं. पॅडल घट्ट आहे, पूर्ण जोर लावला आहे, पण गाडी मंदावत नाही, असं झालं तर पॅड हरले. पॅडमधला चिकट मसाला त्याच्या मर्यादेपलीकडे तापला की त्यातून वायू सुटतात, घर्षण घसरतं. रस्त्यासाठी बनवलेले बरेचसे पॅड तीनशे-चारशे अंशांच्या आसपास या अवस्थेला येतात. दुसरी वाट जास्त भयंकर. पॅडल मऊ पडतं, मग एकदम तळाला जातं आणि काहीच होत नाही. इथे ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. द्रव दाबला जात नाही म्हणून पायाचा जोर कॅलिपरपर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते, आणि सारा जोर वाफेचे बुडबुडे दाबण्यातच खर्च होतो. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, डॉट ४ चा २३० आणि डॉट ५.१ चा २६०. पण ही ऑइलं हवेतलं पाणी शोषून घेतात. पाण्याचं प्रमाण ३.७ टक्क्यांवर गेलं की मानकांप्रमाणे डॉट ३ चा आकडा १४० पर्यंत आणि डॉट ४ चा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. म्हणूनच बहुतेक कंपन्या दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला सांगतात, आणि म्हणूनच कोकण-गोव्याच्या दमट हवेत ही मुदत टाळू नये. चार-पाच लाखांचं किट बसवून त्यात तीन वर्षांचं जुनं ऑइल ठेवणारा माणूस शर्यतीच्या ऑइलची एक बाटली आणि दोन तासांची मजुरी वाचवतो, आणि नेमक्या त्याच जागी ब्रेक गमावतो. शर्यतीचं ऑइल ताजं असताना तीनशे अंशांच्या पुढे उकळतं. मात्र तेही लवकर बदलावं लागतं.

आता मोठी डिस्क नेमकं काय देते ते पाहू. व्यास आणि जाडी वाढली की वजन वाढतं, आणि तेवढीच उष्णता जास्त बिडात वाटली गेल्याने तापमानाचा प्रत्येक टप्पा लहान होतो. दहा किलोऐवजी तेरा किलोची डिस्क असेल तर वरचे दीडशे अंश एकशे पंधरावर येतात. पृष्ठभाग वाढतो, दोन थरांमधल्या वाऱ्याच्या वाटा रुंदावतात, म्हणून ती निवतेही लवकर. व्यास वाढल्याने तरफेचा हात लांबतो आणि तोच परिणाम कमी दाबात साधतो. पण याची किंमत पैशांपलीकडेही मोजावी लागते. वाढलेलं वजन चाकाबरोबर फिरतं आणि स्प्रिंगच्या खाली असतं, म्हणजे गाडीच्या वेग घेण्यावर, खड्ड्यावरून जाण्यावर आणि सुकाणूच्या चपळाईवर त्याचा भार पडतो. चांगल्या किटमध्ये मधला भाग अॅल्युमिनियमचा ठेवून हे वजन कमी करतात. डिस्क मावायला चाक मोठं घ्यावं लागतं, मोठ्या चाकावर टायरची भिंत आखूड होते, आणि आपल्या रस्त्यांवर आखूड भिंतीच्या टायरचं काय होतं हे पावसाळ्यानंतर टायरच्या दुकानात उभं राहिलं तर समजतं. डिस्कला पाडलेली भोकं तर जवळजवळ शोभेचीच. जुन्या पॅडमधून सुटणाऱ्या वायूंना वाट म्हणून ती आली. आजच्या पॅडना तेवढी गरज नाही, आणि सतत तापण्या-निवण्यात तडे पहिल्यांदा या भोकांपाशीच जातात. ट्रॅकवर बिडाच्या डिस्क वापरणारे बहुतेक लोक भोकांऐवजी खाचा असलेल्या डिस्क का निवडतात, ते यावरून लक्षात येईल.

मोठ्या ब्रेकचा सगळ्यात कमी चर्चेत येणारा धोका म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतला तोल बिघडणं. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं. गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंचीवर आणि पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असेल, तर जोरदार ब्रेकमध्ये आपल्या १५०० किलोच्या गाडीचं ३०० किलो वजन मागून पुढे जातं. थांबलेली असताना निम्मं-निम्मं वाटलेलं वजन क्षणात पुढे १०५० आणि मागे ४५० होतं, म्हणजे ७० आणि ३० टक्के. गाडी बनवणारे ब्रेकची ताकदही साधारण याच प्रमाणात वाटतात, चारही टायर आपल्या मर्यादेपर्यंत जवळजवळ एकदमच पोचावेत म्हणून. आता कोणी फक्त पुढचं किट बसवलं आणि पुढची ताकद २० टक्क्यांनी वाढली. मागे काहीच बदललं नाही. पुढची चाकं आता लवकर जाम होतात. त्या क्षणी मागची चाकं आपल्या ३० पैकी २५ एवढंच काम करत असतात. हिशेब केला तर एकूण अडवणूक पाचेक टक्क्यांनी घटते, आणि ३९ मीटरांत थांबणारी गाडी ४१ मीटर घेते. लाखो रुपये खर्चून अंतर वाढलं. एबीएस असलेल्या गाडीत पुढे दाब रोखला तरी मागे तो वाढू शकतो, त्यामुळे हे नुकसान बरंचसं भरून निघतं; जुन्या, एबीएस नसलेल्या स्पोर्ट्स कारमध्ये ते पुरतं अंगावर येतं. उलट चूक याहून वाईट. पुढे पिस्टनचं क्षेत्रफळ कमी असलेले कॅलिपर आले तर मागची चाकं आधी सुटतात आणि गाडी गिरकी घेते. म्हणून जाणकार कंपनी डिस्क मोठी करताना पिस्टन मुद्दाम लहान ठेवते, तरफेचा वाढलेला फायदा दाबात वजा करून एकूण ताकद मूळ गाडीच्या जवळ आणते. म्हणजे उत्तम किट तेच, जे गाडीची ब्रेकची ताकद फारशी वाढवत नाही! पिस्टन मोठे घेतले तर आणखी एक गोष्ट घडते: मूळ मास्टर सिलिंडरला जास्त ऑइल ढकलावं लागतं आणि पॅडल लांब पडतं. चकचकीत नवा ब्रेक ‘स्पंजासारखा’ वाटतो अशी तक्रार येते तेव्हा कित्येकदा नळीतली हवा निर्दोष असते.

हा तोल कारखान्यात कसा सांभाळतात, हे माझदाच्या एमएक्स-५ या छोट्या दोन आसनी गाडीत सुंदर दिसतं. १९८९ मध्ये ती १.६ लिटर इंजिनासह आली तेव्हा पुढच्या डिस्कचा व्यास फक्त २३५ मिलिमीटर होता, आणि हजार किलोच्या आत वजन असलेल्या गाडीला तो रस्त्यावर पुरून उरत होता. पुढे १.८ लिटरचं इंजिन आलं तेव्हा पुढची डिस्क २५५ ची झाली. त्याच वेळी मागचीही वाढवली. दुसऱ्या पिढीच्या स्पोर्ट प्रकारात पुढे २७० आणि मागे त्याहूनही किंचित मोठी, २७६ ची डिस्क आली. मागची डिस्क व्यासाने मोठी म्हणून मागचा ब्रेक जास्त जोराचा, असं मुळीच नाही. व्यास हा त्या हिशेबातला एकच आकडा. पिस्टन, पॅड आणि दाब हे बाकीचे. या गाडीच्या शौकिनांमध्ये जुन्या गाडीला नंतरच्या प्रकाराचे पूर्ण ब्रेक, चारही चाकांचे, बसवून घेण्याची पद्धत आहे. स्वस्त, कारखान्याने तपासलेला आणि तोल न बिघडवणारा असा मोठा ब्रेक याहून सोपा क्वचितच मिळेल. मात्र स्पोर्टचे ब्रेक मूळच्या १४ इंची चाकात मावत नाहीत, निदान १५ इंची चाकं लागतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: मोठे ब्रेक एवढे निरुपयोगी असतील तर बड्या कंपन्या ते का बसवतात? निरुपयोगी कोणी म्हटलं नाही. कंपन्या ते उष्णतेसाठीच बसवतात, आणि गाड्या ज्या वाटेने गेल्या ती पाहता त्यांना दुसरा मार्गही नव्हता. १९८६ ची बीएमडब्ल्यू एम३ साधारण १२०० किलोची, २०० अश्वशक्तीची होती आणि तिच्या पुढच्या डिस्क २८० मिलिमीटरच्या होत्या. २०२१ ची एम३ कॉम्पिटिशन सतराशे किलोंच्या पुढे, ५१० अश्वशक्तीची, आणि डिस्क ३८० च्या. समजा एकाच सरळ रस्त्याच्या शेवटी जुनी १८० वर पोचली आणि नवी २३०. थांबताना जुनी १५ लाख जूल देते, नवी ३५ लाख. शंभर मिलिमीटरचा फरक दिखाव्यासाठी पडलेला नाही. फॉर्म्युला वनमध्येही २०२२ साली गाड्यांचं किमान वजन ७५२ वरून ७९८ किलो झालं, चाकं १८ इंची झाली, आणि पुढच्या डिस्क २७८ वरून ३२८ मिलिमीटरच्या. वजन आणि वेग वाढतो तिथे डिस्क वाढते. यातूनच दुसऱ्या आक्षेपालाही उत्तर मिळतं. इंजिनाची ताकद वाढवल्यावर ब्रेक वाढवायला नकोत का, असं विचारतात. ट्रॅकवर नक्कीच हवेत: सरळ रस्त्याच्या शेवटी वेग १८० ऐवजी २०० झाला तर उष्णता २३ टक्क्यांनी वाढते. रस्त्यावर मात्र इंजिनाची ताकद वाढली म्हणून वेगाची मर्यादा वाढत नाही.

तिसरा आक्षेप अनुभवाचा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. किट बसवलेले लोक प्रामाणिकपणे सांगतात की गाडी पूर्वीपेक्षा चांगली थांबते. यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. किटबरोबर नवे पॅड, नवं ऑइल, कधी स्टीलचं आवरण असलेल्या नळ्या आणि बहुधा नवे टायरही येतात, आणि तुलना होते ती पन्नास हजार किलोमीटर झिजलेल्या जुन्या ब्रेकशी. ही तुलना न्याय्य नाही. पण दुसरी गोष्ट खरी आहे. दोन्ही बाजूंना पिस्टन असलेला घट्ट कॅलिपर एका बाजूने सरकणाऱ्या साध्या कॅलिपरपेक्षा कमी वाकतो. पायाने जेवढं मागितलं तेवढंच मिळतं, पकडीच्या काठावर ब्रेक तोलून धरणं सोपं जातं आणि पॅड सारखे झिजतात. चांगल्या चालकाला ही नेमकेपणाची किंमत मोजावीशी वाटली तर त्यात गैर काही नाही. फक्त ते मीटरांत मोजलं जात नाही, आणि थांबण्याचं अंतर म्हणून ते विकू नये. सिरॅमिक डिस्कचंही तसंच. पोर्शेच्या ९११ जीटी३ ला बिडाच्या ४०८ मिलिमीटरच्या किंवा सिरॅमिकच्या ४१० मिलिमीटरच्या पुढच्या डिस्क मिळतात. सिरॅमिक वजनाला साधारण निम्मी, गंजत नाही, चाकांवर काजळी धरत नाही. पण सतत ट्रॅकवर जाणारे काही मालक ती काढून कपाटात ठेवतात आणि बिडाची बसवतात. झिजल्यावर बिडाची डिस्क बदलणं परवडतं, सिरॅमिकची बदलताना घाम फुटतो.

आपल्याकडे याच चर्चेत घाटाचा मुद्दा येतो, आणि तो वरवर तरी वजनदार आहे. आंबोलीहून सावंतवाडीकडे किंवा महाबळेश्वराहून वाईकडे उतरताना गाडी अर्ध्या किलोमीटरहून जास्त उंची सोडते. १५०० किलोची गाडी ५०० मीटर खाली आली की ७३ लाख जूल मोकळे होतात, १०० च्या वेगावरून बारा-तेरा वेळा करकचून थांबण्याइतके. ही उष्णता सगळी ब्रेकमध्ये गेली तर जुनं ऑइल उकळू शकतं, आणि घाटाच्या पायथ्याशी धूर सोडणाऱ्या चाकांचं कारण बहुधा हेच असतं. पण इथे मोठ्या डिस्कपेक्षा गिअर जास्त कामाचा. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा हा जुन्या चालकांचा नियम ती ऊर्जा इंजिनाकडे वळवतो आणि ब्रेकला फक्त वळणापुरतं काम ठेवतो. गाडी न्यूट्रलवर सोडणाऱ्याला कुठलंही किट वाचवणार नाही. द्रुतगती मार्गावर अचानक आडव्या आलेल्या ट्रकचा प्रसंग तर याहून साधा आहे. १२० वरून एकदा थांबताना डिस्क साठ-पासष्ट अंशांनी तापेल. तिथे जीव वाचवतात ते चांगले टायर आणि पुढच्या गाडीपासून राखलेलं अंतर, कारण ब्रेकवर पाय पडेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते.

तेव्हा पैसे घालायचा क्रम असा लावावा. आधी टायर, कारण अंतर त्यांच्या हातात आहे. मग ताजं, चांगल्या प्रतीचं ब्रेक ऑइल. मग वापराला साजेसे पॅड. पण ट्रॅकचे पॅड रोजच्या गाडीला लावू नयेत. ते थंड असताना नीट पकडत नाहीत, किंचाळतात, डिस्क खातात, आणि सकाळी सोसायटीच्या फाटकाबाहेरचा पहिला ब्रेक थंडच असतो. त्यानंतर डिस्ककडे वारा वळवणारी नळी, जी किटच्या तुलनेत फुकटात पडते. मोठ्या ब्रेकचं किट या सगळ्यानंतर, आणि तेही कागदपत्रं पाहून. जर्मनीत अशा किटला तांत्रिक तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. ते असलेलं किट कोणत्या गाडीसाठी हिशेब करून बनवलं आहे हे तरी कागदावर कळतं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर लक्ष ठेवतं आणि अपघातानंतर विमा कंपनीही ठेवते, म्हणून तिला आधी लेखी कळवून ठेवलेलं बरं.

एवढं सगळं करूनही ट्रॅकवर पॅडल मऊ पडत असेल तर अंदाज बांधत बसू नये, मोजावं. डिस्कच्या कडेला लावायचे खास रंग मिळतात: एक ४३० अंशांना बदलतो, दुसरा ५६० ला, तिसरा ६१० ला. तिन्हींच्या रेघा ओढायच्या, नेहमीच्या वेगाने फेऱ्या मारायच्या आणि गाडी निवली की पाहायचं. फक्त पहिली रेघ बदलली असेल तर डिस्क पुरेशी आहे, दोष पॅडचा किंवा ऑइलचा. ताजं ऑइल, योग्य पॅड आणि वाऱ्याची नळी असूनही तिसरी रेघ फेरीगणिक बदलत असेल, तर त्या गाडीला मोठी डिस्क खरोखर लागते. ती मागवताना पिस्टनचा व्यास विचारून घ्यावा, आणि मागच्या चाकांसाठी काय देता, हेही.